शंखनादात बुडालेले परंतुक

२४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश सरकारने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाने पन्नासच्या आसपास, विषय इराककडील महासंहारक अस्त्रांचा. तिला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांची प्रस्तावना होती. आतला मजकूर गुप्तचरांच्या माहितीवर बेतलेला होता. ती माहिती किती तोकडी आहे, हे ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लेखी नोंदवून ठेवले होते. अधूनमधून हाती येणारी, तुकड्यातुकड्यांची माहिती, असे वर्णन खुद्द समितीनेच केले होते. प्रस्तावनेत मात्र पंतप्रधानांनी लिहिले की, सद्दाम हुसेन रासायनिक आणि जैविक अस्त्रे बनवतच आहे हे निःसंशय सिद्ध झाले आहे. त्याच दिवशी संसदेत उभे राहून त्यांनी ही माहिती विपुल, तपशीलवार आणि अधिकारी स्रोतांची असल्याचे सांगितले.

मीही आता माझ्याच पुस्तकाची प्रस्तावना लिहायला बसले आहे, आणि ब्लेअर यांच्या त्या प्रस्तावनेचे ओझे मनावर आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याला एक मोह हमखास होतो. आतल्या पानांवर लेखक जिथे अडखळला, जिथे त्याने ‘बहुधा’ किंवा ‘असावे’ लिहिले, तिथे आपण मोकळ्या आवाजात ‘आहे’ म्हणून टाकावे. वाचकाला धीर येतो, पुस्तक भक्कम वाटते. लंडनमध्ये त्या दिवशी नेमके हेच घडले, आणि सहा महिन्यांनी त्याच्या आधारावर फौजा निघाल्या.

हे पुस्तक इराक युद्धाचा इतिहास नाही. रणगाडे कुठून निघाले, बगदाद ९ एप्रिल २००३ ला कसे पडले, फिरदौस चौकातला पुतळा कोणी ओढला, हे यात फारसे नाही. युद्ध का करायचे याची जी कारणे अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या सरकारांनी आपल्या लोकांना दिली, त्या कारणांवरून या दोन देशांत जो जाहीर वाद झाला, त्याची ही कहाणी आहे. तो वाद २००२ च्या उन्हाळ्यात पेटला आणि ६ जुलै २०१६ ला ब्रिटनच्या चिलकॉट चौकशी समितीचा अहवाल आला तेव्हाही विझला नव्हता. एवढा लांबलेला आणि कागदोपत्री इतका उघडा पडलेला असा दुसरा वाद मला माहीत नाही. सरकारच्या पोटातली टिपणे, कायदेशीर सल्ले, दोन नेत्यांची खासगी पत्रे, एरवी तीस-तीस वर्षे कुलपात राहणारे कागद इथे दहा-बारा वर्षांत लोकांच्या हाती आले.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण वाचकाला ती माहीत असणे योग्य आहे. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे इराकविरुद्धचे पुरावे मांडले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. जेवण आटोपून मी टीव्हीसमोर बसले होते. पॉवेल यांनी पांढऱ्या भुकटीची एक लहानशी कुपी दोन बोटांत धरून दाखवली. उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे दाखवली, इराकी अधिकाऱ्यांची चोरून ऐकलेली संभाषणे ऐकवली. जैविक अस्त्रे बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळांची चित्रे पडद्यावर आली. त्यांच्या मागे सीआयएचे प्रमुख जॉर्ज टेनेट बसले होते. मला ते सगळे पटले. त्या प्रयोगशाळांची चित्रे होती, छायाचित्रे नव्हती, एवढा साधा फरक त्या रात्री माझ्या लक्षात आला नाही. त्या मालमोटारी कोणी पाहिल्या नव्हत्या. जर्मनीत आश्रयाला आलेल्या एका इराकी माणसाने त्यांचे वर्णन केले होते आणि चित्रकाराने ते कागदावर उतरवले होते. ‘कर्व्हबॉल’ हे त्या माणसाचे सांकेतिक नाव. आपण ते सगळे रचले होते, असे त्याने २०११ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितले.

पॉवेल यांचीच निवड का झाली, याचे उत्तर आपल्याला महाभारतातून सहज सापडते. अश्वत्थामा मेला, ही ओरड आधी भीमाने केली होती. द्रोणांनी ती मानली नाही. ते युधिष्ठिराकडे वळले, कारण हा माणूस खोटे बोलत नाही अशी त्याची ख्याती होती. उपाध्यक्ष डिक चेनी आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना हे युद्ध हवे आहे हे जगाला ठाऊक होते, म्हणून त्यांच्या शब्दाला जगात वजन नव्हते. पॉवेल हे १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळचे अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष, जपून बोलणारे, युद्धाला बिचकणारे म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी ‘आहे’ म्हटले की ते आहे. दोन वर्षांनी एका मुलाखतीत त्यांनीच त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटले. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या एका वाक्यानंतर खाली आला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. २०२१ मध्ये पॉवेल गेले तेव्हा त्यांच्यावरच्या जवळपास प्रत्येक मृत्युलेखात ती कुपी होती.

पण त्या कथेतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ हे युधिष्ठिराने म्हटले होते. परंतुक उच्चारले गेले होते. आपण ऐकलेल्या कथेत नेमक्या त्याच क्षणी शंख फुंकला जातो आणि ते शब्द द्रोणांपर्यंत पोचत नाहीत. इराकच्या बाबतीतही परंतुके होती. लिहिलेली होती, सह्यांनिशी होती, वेळेवर होती. ती कुठे, कोणाच्या हातून आणि कोणत्या गलबल्यात बुडाली, याचा माग काढणे हेच या पुस्तकाचे काम आहे.

एक माग इथेच दाखवते. इराकने ॲल्युमिनियमच्या नळ्या मागवल्या होत्या. अणुबॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांना त्या लागणार, असे सीआयएचे म्हणणे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचे आयुष्यच असली यंत्रे बनवण्यात गेले होते. त्यांचे मत असे पडले की नळ्यांची लांबी, जाडी आणि व्यास त्या कामाला जुळत नाहीत. इराकच्या ८१ मिलिमीटरच्या साध्या रॉकेटना मात्र चपखल बसतात. हा मतभेद सरकारच्या आत २००१ पासून चालू होता. ८ सप्टेंबर २००२ च्या रविवारी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर नळ्यांची बातमी आली, निनावी सरकारी सूत्रांच्या हवाल्याने. त्याच सकाळी चेनी टीव्हीवर आले आणि त्यांनी त्या बातमीचा दाखला दिला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस दुसऱ्या वाहिनीवर म्हणाल्या की, ठोस पुरावा हवा म्हणून अणुस्फोटाच्या ढगाची वाट पाहणे आम्हाला मान्य नाही. सरकारने वृत्तपत्राच्या कानात सांगायचे आणि मग वृत्तपत्र काय म्हणते पाहा, असे लोकांना सांगायचे. ऊर्जा खात्याचे परंतुक त्या रविवारी कोणालाच ऐकू आले नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी अमेरिकी गुप्तचर संस्थांचा एकत्रित अंदाज तयार झाला. नव्वदहून अधिक पानांचा हा गोपनीय दस्तऐवज. त्यात ऊर्जा खात्याचे वेगळे मत नोंदलेले होते. परराष्ट्र खात्याच्या स्वतःच्या गुप्तवार्ता विभागाने तर अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा खात्रीलायक पुरावाच दिसत नाही, असे स्पष्ट लिहिले होते. तीन दिवसांनी जनतेसाठी त्याची लहान आवृत्ती निघाली. ‘आमचा अंदाज आहे’ हे शब्द जागोजागी गेले होते, विरोधी मतांची धार गेली होती. राहिले ते विधान. सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी मूळ दस्तऐवज वाचला होता, आणि त्यांनी युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले. बहुतेक सिनेटरांनी तो उघडलाही नव्हता. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी ठराव संमत झाला.

लंडनमध्ये याच जातीची घटना कायद्याच्या दालनात घडली, आणि माझ्या मते ती या सबंध प्रकरणातली सर्वांत बोलकी आहे. ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ ला पंतप्रधानांना तेरा पानी गोपनीय सल्ला दिला. सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय युद्ध कायदेशीर ठरेल का? त्यांचे उत्तर दोन्ही बाजू तोलणारे होते. जुन्या ठरावांच्या आधारे तसा युक्तिवाद करता येईल, पण न्यायालयात तो टिकेल याची खात्री नाही, नवा ठराव मिळवणे हाच सुरक्षित मार्ग. सैन्याच्या प्रमुखांना असा तोललेला सल्ला पुरणार नव्हता. आपल्या सैनिकांना उद्या गुन्हेगार ठरवले जाऊ नये म्हणून त्यांना सरळ होकार हवा होता, आणि त्यांची ती मागणी मला रास्त वाटते. दहा दिवसांनी, १७ मार्चला, गोल्डस्मिथ यांचे मत संसदेपुढे आले. जेमतेम एका पानाचे. त्यात एकही ‘पण’ नव्हता. मंत्रिमंडळानेही तेरा पाने पाहिली नाहीत. परराष्ट्र खात्याच्या उप-विधी सल्लागार एलिझाबेथ विल्मशर्स्ट यांनी तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्याच आठवड्यात राजीनामा दिला. तेरा पाने लोकांना वाचायला मिळाली एप्रिल २००५ मध्ये.

आता ज्यावर दोन्ही देशांत सर्वांत जास्त शाई खर्च झाली, त्या प्रश्नाकडे येते. ते खोटे बोलले का? विरोधकांच्या फलकांवर एवढाच प्रश्न होता, आणि समर्थकांची सगळी शक्ती त्याचे उत्तर ‘नाही’ असे देण्यात गेली. २००३ पासून ब्रिटनमध्ये झालेल्या चौकशांनी सरकारवर जाणूनबुजून खोटे बोलल्याचा ठपका ठेवला नाही. लॉर्ड हटन यांनी नाही, लॉर्ड बटलर यांनी नाही, चिलकॉट यांनीही नाही. ब्लेअर यांनी दर वेळी याच गोष्टीवर बोट ठेवले. मला या प्रश्नाची चौकटच अपुरी वाटते. नसलेली वस्तू आहे म्हणणे हे खोटे, हे शाळकरी मुलालाही कळते. पण आपल्या भाषेत ‘आहे’ आणि ‘असावे’ यांच्यामध्ये एक अख्खा मुलूख पसरलेला आहे. ‘असावे’ हे मनातून मान्य असताना ‘आहे’ असे सांगणे याला काय म्हणायचे? सद्दामकडे काहीतरी दडलेले आहे असे ब्लेअर यांना मनापासून वाटत होते, यावर माझा विश्वास आहे. आपल्याला ते वाटते आहे, माहीत नाही, हे त्यांनी लोकांना सांगितले नाही. माझा आक्षेप इथे आहे, आणि तो खोटेपणाच्या आरोपापेक्षा सौम्य आहे असे मी मानत नाही.

याला एक गंभीर उत्तर आहे आणि ते मी मनापासून ऐकून घेतले आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या जगात राज्यकर्त्याने खात्रीची वाट पाहिली तर फार उशीर होईल. नेत्याला अर्ध्या प्रकाशातच निर्णय घ्यावे लागतात. ‘कदाचित’ म्हणत कोणी देशाला युद्धावर नेऊ शकत नाही. पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. तिसरे मान्य नाही. ‘आम्हाला खात्री नाही, तरीही धोका एवढा मोठा आहे की मला युद्ध आवश्यक वाटते’ असे म्हणता आले असते. तो प्रामाणिक युक्तिवाद उपलब्ध होता. लोकांनी तो कदाचित स्वीकारला असता, कदाचित नाकारला असता. निर्णय मात्र खरोखर त्यांचा झाला असता.

कारणे एकाहून अधिक होती, हेही ध्यानात ठेवायला हवे. अमेरिकेत सद्दामची राजवट उलथणे हे १९९८ पासूनच कायद्याने मान्य झालेले धोरण होते. क्लिंटन यांनी त्यावर सही केली होती. ब्रिटनमध्ये राजवट बदलणे हे कारण कायद्याच्या कसोटीवर टिकत नव्हते, म्हणून तिथे भर निःशस्त्रीकरणावर. एकच युद्ध, एकच दिवस, आणि अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर दोन कारणे. अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी मे २००३ मध्ये एका मासिकाला सांगितले की, महासंहारक अस्त्रांचे कारण पुढे करण्यावर सगळ्यांचे एकमत होऊ शकत होते म्हणून नोकरशाहीच्या सोयीने तेच ठरले. अस्त्रे सापडेनात तेव्हा लोकशाहीचे कारण पुढे आले, मग मानवी हक्कांचे.

मानवी हक्कांच्या कारणापाशी मला थांबायचे आहे. युद्धाच्या विरोधात लिहिणारे इथून घाईने पुढे जातात आणि ते मला योग्य वाटत नाही. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा या कुर्दी गावावर सद्दामच्या विमानांनी विषारी वायू सोडला. एका दिवसात सुमारे पाच हजार माणसे मेली. बहुसंख्य बायका-मुले होती. अन्फाल मोहिमेत कुर्दांची हजारो गावे बेचिराख झाली. मजूर पक्षाच्या खासदार ॲन क्लूइड अनेक वर्षे कुर्दांच्या बाजूने उभ्या होत्या आणि त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला. त्यांची कारणमीमांसा कधी बदलली नाही; अस्त्रे सापडली नाहीत म्हणून त्यांना शब्द फिरवावा लागला नाही. त्यांच्याशी माझा मतभेद आहे, पण या पुस्तकात त्यांचे म्हणणे पूर्ण मांडलेले आहे. १९८८ मध्ये हलब्जाबद्दल वॉशिंग्टन आणि लंडन किती हळू बोलले हेही तिथेच नोंदवले आहे. इराणशी लढणारा सद्दाम तेव्हा त्यांना हवा होता.

‘तेव्हा सगळ्यांनाच तसे वाटत होते’ हे वाक्य गेल्या वीस वर्षांत इतक्यांदा उच्चारले गेले आहे की ते खरेच वाटू लागते. मला स्वतःला ते सोयीचे आहे, कारण मलाही तसे वाटले होते. पण ते खरे नाही. नाइट रिडर या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाचे दोन बातमीदार, जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल, मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांशी बोलून शंकांच्या बातम्या आठवड्यामागून आठवडे देत होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत सांगितले की, इराकने नायजरकडून युरेनियम घेण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रे बनावट आहेत. याच युरेनियमचा उल्लेख अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांच्या जानेवारीतल्या भाषणात होता. कॅथरिन गन ही ब्रिटिश गुप्तचर केंद्रातली तरुण भाषांतरकार. सुरक्षा परिषदेच्या सदस्य देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने मदत मागितल्याचा ईमेल तिने उघड केला. तिच्यावर खटला भरला गेला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये सरकारने तो आयत्या वेळी मागे घेतला. १५ फेब्रुवारी २००३ ला लंडन, रोम, माद्रिद, न्यूयॉर्क अशा शेकडो शहरांत माणसे रस्त्यावर आली. लंडनमध्ये तो आकडा दहा लाखांच्या घरात होता.

शंका घेणाऱ्यांमध्ये रॉबिन कुक यांना मी वेगळे स्थान देते. ते ब्लेअर यांचेच माजी परराष्ट्रमंत्री. गुप्तचरांचे अहवाल वाचण्यात मुरलेले. १७ मार्चच्या रात्री मंत्रिपद सोडून त्यांनी कॉमन्स सभागृहात भाषण केले. सर्वसाधारण अर्थाने ज्यांना महासंहारक अस्त्रे म्हणतात ती इराककडे बहुधा नाहीत, असे ते म्हणाले. ‘बहुधा’! सबंध प्रकरणात सर्वांत खरे ठरलेले विधान करणाऱ्या माणसाने परंतुक सोडले नाही. इराकचे सैन्य दुबळे आहे म्हणून युद्ध लवकर संपेल असेही सांगायचे आणि इराकपासून एवढा धोका आहे की युद्ध टाळता येत नाही असेही सांगायचे, ही विसंगती त्यांनी त्या रात्री दाखवून दिली. त्या सभागृहात टाळ्या वाजवण्याची प्रथा नाही, तरी टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी मतदान झाले. युद्धाच्या बाजूने ४१२, विरोधात १४९. सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्धच्या दुरुस्तीला मते दिली, पण हुजूर पक्षाच्या पाठिंब्यावर सरकार तरले.

पुढे २८ जानेवारी २००४ हा दिवस आला. अमेरिकेने इराकमध्ये अस्त्रे शोधायला पाठवलेले डेव्हिड के यांनी वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की आपण जवळजवळ सगळेच चुकलो. त्याच दिवशी लंडनमध्ये हटन यांचा अहवाल आला. अस्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांच्या मृत्यूची ती चौकशी होती. इराकमध्ये अनेकदा तपासणीला जाऊन आलेले हे शांत स्वभावाचे शास्त्रज्ञ बीबीसीच्या एका बातमीदाराशी बोलले. इराकची अस्त्रे ४५ मिनिटांत सज्ज होऊ शकतात हा पुस्तिकेतला दावा फुगवल्याची बातमी त्या संभाषणातून निघाली, त्यांचे नाव बाहेर आले, खासदारांच्या समितीने त्यांची उलटतपासणी घेतली, आणि जुलै २००३ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. हटन यांनी सरकारला दोषमुक्त केले आणि बीबीसीवर ठपका ठेवला. बीबीसीचे अध्यक्ष आणि महासंचालक दोघेही गेले. अस्त्रे नव्हती हे एका राजधानीत मान्य होत असताना दुसऱ्या राजधानीत, अस्त्रांबद्दल शंका घेणारी बातमी दिली म्हणून माणसे पदे सोडत होती. आणि तो ४५ मिनिटांचा दावा? तो रणांगणावर डागायच्या लहान पल्ल्याच्या तोफगोळ्यांबद्दल होता, तोही ऐकीव. वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ सायप्रसपर्यंत ताणला, आणि तो दुरुस्त करायला सरकारातले कोणी पुढे आले नाही.

शब्दांवरून झालेले भांडण यात किती खोल जाते याची आणखी एक खूण. जुलै २००२ मधल्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या बैठकीचे टिपण मे २००५ मध्ये फुटले. वॉशिंग्टनहून परतलेल्या ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांचे निरीक्षण त्यात होते: धोरणाभोवती माहिती आणि तथ्ये ‘फिक्स’ केली जात आहेत. मॅच फिक्सिंग ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला याचा अर्थ विचारावा लागणार नाही. अमेरिकनांनीही तोच घेतला. काही ब्रिटिश मंडळींनी मात्र वाद घातला की ब्रिटिश इंग्रजीत याचा अर्थ नुसते जोडणे, बसवणे एवढाच होतो.

हा वाद भारतातही एका शब्दापाशी येऊन ठेपला होता. ८ एप्रिल २००३ ला लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला. अध्यक्षस्थानी आपले मनोहर जोशी होते. विरोधकांना धिक्काराचा कडक शब्द हवा होता, वाजपेयी सरकारला अमेरिकेशी संबंध राखायचे होते. तोडगा असा निघाला की हिंदी ठरावात ‘निंदा’ राहिली आणि इंग्रजी पाठात खेद आणि नापसंतीकडे झुकणारा सौम्य शब्द आला. अमेरिकेने मागितलेले एक डिव्हिजन सैन्य पाठवायला १४ जुलै २००३ ला सरकारने नकार दिला. आपल्या मुलांना बसरा-मोसूलला पाठवायचे की नाही हा प्रश्न तेव्हा किती जवळ आला होता, ते आता आपण विसरलो आहोत.

त्या मातीत आपली माणसे आधीही गेली होती. १९१४ च्या नोव्हेंबरात बसऱ्याकडे निघालेल्या फौजेचे नावच सहावी (पूना) डिव्हिजन होते, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा इथे ती १४७ दिवस वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसे शरण गेली, आणि कैदेत त्यांतली कितीतरी मेली. पुढच्या वर्षी बगदाद घेतल्यावर जनरल मॉड यांनी शहरवासीयांना उद्देशून जाहीरनामा काढला: आम्ही जेते म्हणून आलो नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. पण डिव्हिजन बसऱ्याला आली होती, तेव्हा मोहिमेचे कारण आखातातले तेल आणि हिंदुस्थानचा मार्ग राखणे हे होते. कारण युद्धाच्या मध्यावर बदलते, ही गोष्ट इराकने २००३ च्या कितीतरी आधी पाहिली होती.

चिलकॉट यांचा अहवाल बारा खंडांचा, २६ लाख शब्दांचा आहे. तो सगळा मी वाचला असे म्हणणार नाही. कायदा, गुप्तवार्ता आणि युद्धापूर्वीचे निर्णय यांवरचे खंड मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यांची मुख्य टीका खात्रीवरच आहे: इराकच्या अस्त्रांबद्दलचे निष्कर्ष ज्या खात्रीने मांडले गेले ती समर्थनीय नव्हती. शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, असेही ते म्हणतात. युद्धाच्या आठ महिने आधी ब्लेअर यांनी बुश यांना लिहिलेल्या टिपणाची सुरुवातच ‘काहीही झाले तरी मी तुमच्याबरोबर असेन’ अशी होती, हे याच अहवालाने जगापुढे आणले. ब्रिटनचे १७९ सैनिक आणि कर्मचारी गेले, अमेरिकेचे जवळजवळ साडेचार हजार. इराकी मृतांचा चिलकॉट यांचा आकडा जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख, आणि तो बहुधा खूप अधिक असावा, असे तेच नोंदवतात. अहवाल आला त्या दिवशी ब्लेअर यांनी जाहीर दुःख व्यक्त केले, आणि तीच परिस्थिती पुन्हा आली तर निर्णय तोच घेईन असेही सांगितले.

पुस्तक वाचताना एक गोष्ट सतत दिसेल. प्रत्येक दावा मी दोनदा दिला आहे: प्रथम ज्या कागदावर तो जन्मला तिथल्या शब्दांत, मग ज्या व्यासपीठावरून तो बोलला गेला तिथल्या शब्दांत. मराठीत आणताना ‘असावे’, ‘दिसते’, ‘शक्यता नाकारता येत नाही’ हे शब्द जिथे मुळात आहेत तिथे ते ठेवले आहेत. वाक्ये त्यामुळे काही ठिकाणी जड झाली आहेत. ती हलकी करण्याची सूचना मी मानली नाही.

सुरुवात बगदादच्या कॅनाल हॉटेलपासून केली आहे. २७ नोव्हेंबर २००२ ला संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी चार वर्षांच्या खंडानंतर इराकमध्ये पुन्हा काम सुरू केले, आणि त्यांचा तळ तिथे होता. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांना स्वतःला इराकने काही लपवले असावे असा संशय होता. तो संशय त्यांनी अहवालात पुरावा म्हणून घातला नाही. सुमारे साडेतीन महिन्यांत ७०० हून अधिक तपासण्या झाल्या. मार्चच्या पहिल्या दिवसापासून ठरलेल्या पल्ल्याबाहेर जाणारी अल-सामूद क्षेपणास्त्रे निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत बुलडोझरखाली चिरडली जात होती. ब्लिक्स यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेला सांगितले की, उरलेल्या कामाला वर्षे लागणार नाहीत, आठवड्यांत ते होणार नाही, काही महिने लागतील. ते महिने त्यांना मिळाले नाहीत. १८ मार्चला निरीक्षक बगदाद सोडून गेले. इमारत रिकामी राहिली नाही. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य तिथूनच चालू लागले, आणि १९ ऑगस्ट २००३ च्या दुपारी स्फोटकांनी भरलेली एक मालमोटार तिच्या भिंतीशी येऊन थांबली.